तुमचे प्रश्न : लाल लग्न आणि कूलरचा आवाज

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले की ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या इंग्रजी मालिकेचे 73च्या 73 भाग पाहिलेली मी एकसष्ट वर्षांची बाई आहे. झालं! एरवी या पानाला सुना, सासवा, सोसायटीचा मेंटेनन्स आणि तुळशीवरची कीड यापलीकडे फारसं काही येत नाही. या महिन्यात मात्र ड्रॅगनच ड्रॅगन. तेव्हा हे पान या वेळी त्यांनाच देते. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही आणि पाहायची आहे, त्यांनी सरळ पुढच्या पानावरच्या पाककृतीकडे जावं. इथे सगळी भांडी फुटणार आहेत.

ताई, मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्रतापनगरला राहते. मी ही मालिका सगळ्यांच्या नंतर, आत्ता पाहायला घेतली. परवा तिसऱ्या सीझनचा नववा भाग पाहिला. रात्री जेवले नाही, दुसऱ्या दिवशी कॉलेजला गेले नाही. दादा म्हणतो, “भैताड आहेस का तू? टीव्हीतले लोक मेले अन् तू सुतक पाळून राहिली!” खोट्या माणसांसाठी एवढं रडणं बरं आहे का?

आधी जेव. मग पुढचं वाच.

मी मूळची देसाईगंज वडशाची. बाबा शाळेत कारकून होते आणि धान निघालं की झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर. मंडई नाहीतर शंकरपटाच्या दिवशी रात्री दहा-अकराला पडदा उघडायचा आणि नाटक संपेपर्यंत कोंबडे आरवायचे. विंगेत बाबांच्या मांडीवर वही, हातात टॉर्च, टॉर्चच्या तोंडाला रुमाल बांधलेला. मी त्यांच्या पाठीला टेकून बसायची. तिथून मला नाटक कमी आणि चादरी पांघरून बसलेली माणसं जास्त दिसत.

एका नाटकात मामा आपल्या भाच्याला दुधातून विष देतो असा प्रवेश होता. त्या रात्री भाच्यानं पेला उचलला तशी पुढच्या रांगेतली एक म्हातारी उभीच राहिली. “पिऊ नको रे बापा, त्यात त्यानं औषध टाकलं!” लोकांनी तिला खाली बसवलं. पोरगा प्यायला आणि मेला. सकाळी मंडळी टपरीवर चहाला गेली. टपरीवाल्यानं सगळ्यांना चहा दिला, मामाचं काम करणाऱ्याला दिला नाही. नुसता त्याच्याकडे पाहत राहिला आणि किटली खाली ठेवली. तो नट बाबांजवळ आला तो हसतच. “मास्तर, आज पार्ट जमला.” मग बाबांनी आपल्या कपातला अर्धा चहा त्याला बशीत ओतून दिला.

तर बाई, तू जेवली नाहीस ना, ती त्या लोकांची मजुरी आहे. दादाला तसं सांग.

आता त्या नवव्या भागातल्या ‘लाल लग्ना’बद्दल. तू काय पाहिलंस ते नीट आठवून बघ. राजा रॉब स्टार्क आणि त्याची आई लग्नासाठी त्या गढीत येतात तेव्हा यजमान म्हातारा फ्रे त्यांच्यापुढे पाव आणि मीठ ठेवतो. त्यांच्या जगात पाहुण्यानं यजमानाचं मीठ खाल्लं की त्या छपराखाली कोणी कोणाला इजा करायची नाही, असा नियम. आपल्याला हे कोणी शिकवावं लागत नाही. खाल्ल्या मिठाला जागणं हे आपल्याकडे आजीच्या तोंडात असतं. म्हणून ती सुरी एका राजाच्या छातीत जाते एवढंच होत नाही, मिठाची शपथ मोडते. माझी आई ते पाहायला असती तर एकच शब्द बोलली असती, “नमकहराम”, आणि टीव्ही बंद केला असता.

दुसरं म्हणजे, तो धक्का आभाळातून पडत नाही. आधी दार लावून घेतलं जातं. वरच्या सज्ज्यातले वाजंत्री लग्नातली गाणी सोडून भलतंच गाणं धरतात, रॉबच्या शत्रूंचं, लॅनिस्टरांचं, एका घराण्याचा निर्वंश केल्याचं. आई कान टवकारते. शेजारी बसलेल्या बोल्टनची, रॉबच्याच सरदाराची, बाही ती वर सारते, तर कापडाखाली लोखंडी कड्यांचं चिलखत! लग्नाच्या जेवणाला कोणी चिलखत घालून येतं का? त्या एका क्षणात तिला कळतं आणि आपल्याला कळतं, पण उपयोग कुणालाच नसतो. वडशाच्या म्हातारीसारखं ओरडायचं फक्त बाकी राहतं. शेवटी नावं येतात तीही विनासंगीत. आमच्या घरी त्या शांततेत स्वयंपाकघरातल्या नळाचं टपटप ऐकू येत होतं.

जॉर्ज मार्टिन यांच्या ज्या पुस्तकात हे लग्न आहे ते 2000 साली आलं, मालिकेतला भाग 2 जून 2013ला. म्हणजे पुस्तकवाले तेरा वर्षं हे पोटात घेऊन बसले होते. मग त्यांनी काय केलं, तर त्या रात्री आपल्याच मित्रांसमोर, बायकोसमोर गुपचूप मोबाइल लावून ठेवला आणि त्यांचे चेहरे टिपले. कोणी उशी फेकतंय, कोणी तोंडावर हात धरून नुसतं “नो, नो” करतंय. दुष्टपणा आहे खरा, पण मला तो कळतो. मीही विंगेत बसून तेच करत होते की.

मार्टिन यांना स्वतःला ते प्रकरण लिहवत नव्हतं. सगळं पुस्तक झाल्यावर शेवटी त्यांनी ते लिहिलं. आणि हे काही हवेतून आणलेलं नाही. स्कॉटलंडमध्ये 1440 साली डग्लस घराण्यातल्या दोन कोवळ्या भावांना एडिंबराच्या किल्ल्यात जेवायला बोलावून मारलं होतं. 1692 साली ग्लेन्को इथे सैनिक ज्यांच्या घरी पाहुणे म्हणून आठवड्याहून जास्त राहिले, त्यांच्यावरच त्यांनी पहाटे शस्त्र चालवलं. दादा इतिहासाचा विद्यार्थी असेल तर त्याला हे वाचायला दे. सुतक थोडं त्यालाही लागू दे.

आम्ही हिंगणा रोडला राहतो. 2017 साली आणलेल्या कुत्रीचं नाव मुलीनं ‘खलीसी’ ठेवलं. शेवटच्या सीझनमध्ये खलीसीनं, म्हणजे ड्रॅगनवाल्या राणी डेनेरिसनं, अख्खं शहर जाळलं. पाहुणे हसतात. नाव बदलावं का?

अमेरिकेत शेकडो आईबापांनी पोटच्या मुलींचं नाव खलीसी ठेवलं होतं. त्यांच्या मानानं तुमचं बरं आहे. त्या बिचारीनं काय जाळलं? राहू द्या नाव. “खलीसी, इकडे ये” म्हटल्यावर ती येते ना? मालिकेतली कुणाचं ऐकत नव्हती.

मी बर्डीवर एका ऑफिसात आहे. मालिका अर्धी पाहून झाली होती. सकाळी तर्री पोहे खाताना एक सहकारी सहज बोलून गेला, “अबे, शेवटी जॉन स्नोच डेनेरिसला मारते ना.” माझ्या हातातली प्लेट तशीच राहिली. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलत नाही. ऑफिसात सगळे मलाच हसतात. माझं चुकलं का?

त्याचं चुकलं. समोरच्याला “कितव्या भागावर आहेस?” एवढं विचारायला पोह्याचा एक घास पुरतो.

पण तुम्ही मालिका सोडली असेल तर ते तुमचं चुकलं. बाबांना अख्खं नाटक पाठ असायचं. पुढची ओळ कुणाला आठवली नाही तर तीच सांगायला त्यांना बसवलेलं. तरी त्या विषाच्या प्रवेशाला दर रात्री ते चष्मा काढून पुसत. एकदा त्या नादात पुढची ओळ द्यायचीच राहिली आणि मामा रंगमंचावर तसाच उभा. लोकांना वाटलं, पश्चात्ताप झाला. टाळ्या पडल्या.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2011 साली 12 लघुकथा घेऊन हेच करून पाहिलं होतं. काहींना शेवट आधीच सांगितला, काहींना नाही. ज्यांना सांगितला होता त्यांना त्या कथा थोड्या जास्तच आवडल्या. मला हे पूर्ण पटत नाही, कारण दहा पानांची गोष्ट वेगळी आणि आठ वर्षं सोबत केलेली वेगळी. त्या लग्नात मला आधीच कोणी सांगितलं असतं तर ती बाही वर सरली तेव्हा माझा श्वास तसा अडकला नसता. पण दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा मला वाजंत्री दिसले. पहिल्यांदा मी नवरा-नवरीकडेच पाहत होते.

तेव्हा मालिका पूर्ण करा. आणि त्या सहकाऱ्याकडून महिनाभर पोह्यांचे पैसे घ्या, जास्तीच्या तर्रीसकट.

मॅडम, वय 29, राहणार सदर. मी बारावीत असल्यापासून ही मालिका पाहिली. दर सोमवारी पहाटे उठलो. आठव्या सीझनमध्ये त्या दोन निर्मात्यांनी आमच्या आठ वर्षांची माती केली. नवीन सीझन करा म्हणून जो अर्ज निघाला होता त्यावर मी सही केली होती. त्या वर्षी तान्ह्या पोळ्याला आम्ही मित्र त्यांचा बडग्या काढणार होतो, घरच्यांनी हाणून पाडलं. तुम्ही तर ज्येष्ठ आहात, तुम्हीच सांगा, नेड स्टार्क मेला तेव्हा आम्ही वाहवा केली, लाल लग्नाला सलाम केला, मग डेनेरिसच्या वेळीच आम्ही शिव्या का दिल्या? लोक म्हणतात, तुम्हाला गोड शेवट हवा होता. हे खरं आहे का?

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे काळी आणि पिवळी मारबत निघते. काळी 1881पासून, पिवळी 1885पासून. सोबत बडगे असतात, त्या वर्षी ज्यानं ज्यानं लोकांना छळलं त्याचे पुतळे. महागाईचा, भ्रष्टाचाराचा, एखाद्या पुढाऱ्याचा. “घेऊन जा गे मारबत” म्हणत गावाबाहेर नेऊन जाळायचे. तुमचे घरचे का अडले कळत नाही. इतवारीत लोकांनी फक्त विचारलं असतं, “हे दोघं कोण गोरे पोट्टे?”

आता मुद्द्याचं. गोड शेवटाची गोष्ट खोटी आहे. ज्यांना गोड हवं असतं ते पहिल्या सीझनच्या नवव्या भागालाच उठून जातात. जाहिरातीत त्या लोखंडी सिंहासनावर नेड स्टार्क बसलेला, सगळ्यांना वाटलं हाच नायक, आणि 2011च्या जूनमध्ये त्याची मान उडवली. तुम्ही उठलात का? नाही. दगा तुम्हाला चालला होता. तुम्हाला चालली नाही ती घाई.

डेनेरिस बिघडणार हे आधी कुठे नव्हतं असं म्हणू नका. चौथ्या सीझनमध्ये 163 पोरांच्या बदल्यात तिनं 163 मालकांना खांबांवर ठोकलं तेव्हा आमच्या हॉलमध्ये शिट्ट्या पडल्या होत्या. माझीही एक होती, भाच्याला विचारा. सातव्यात शरण न आलेल्या बापलेकाला तिनं जिवंत जाळलं. खुणा होत्या. बाहीखाली चिलखत होतं. पण बाही वर करायला त्या आईला जेवढा वेळ दिला होता, तेवढा आपल्याला दिला नाही. शहर शरण येतं, घंटा वाजतात, तिचा चेहरा दिसतो, आणि पुढच्या मिनिटाला गल्ल्या पेटलेल्या. त्या चेहऱ्यात त्या नटीनं जीव ओतलाय, माझी तिच्याबद्दल तक्रार नाही. पण एका चेहऱ्यावर अख्ख्या सीझनचं ओझं टाकलं की तो वाकणारच.

हिशेब सोपा आहे. पहिले सहा सीझन दहा-दहा भागांचे. सातवा सात, आठवा सहा. पहिल्याच भागात राणी म्हणते की विंटरफेलला यायला महिना लागला. सातव्या सीझनमध्ये बर्फाच्या तळ्यावर माणसं अडकलेली असतात, ती अजून तिथेच कुडकुडत असताना कावळा निरोप घेऊन दूरच्या बेटावर पोचतो आणि ड्रॅगन हजर! नागपूरहून मुंबईला दुरंतोला रात्र लागते हो. भाग वाढवायला वाहिनी तयार होती, थांबायचं निर्मात्यांनी ठरवलं. मार्टिन यांचं पाचवं पुस्तक जुलै 2011मध्ये आलं, सहाव्याची आपण अजून वाट पाहतो आहोत. म्हणजे वही संपली होती. प्रॉम्प्टरची वही संपली की नट काय करतो हे मी पाहिलंय. शेवटचा प्रवेश त्याला ठाऊक असतो, मधले दोन आठवत नाहीत, मग तो मधलं गिळून थेट मरायलाच येतो. लोक ओळखतात. हसत नाहीत, पण चादरी झटकायला लागतात.

अर्जावर 15 लाखांहून जास्त सह्या झाल्या आणि झालं काहीच नाही. उलट त्याच सप्टेंबरात मालिकेला सर्वोत्तम नाट्यमालिकेचं एमी मिळालं. प्रेक्षकांच्या ओरड्यानं मेलेला माणूस परत येतो, हे आपण पाहिलंय. ‘क्यूँ की सास भी कभी बहू थी’मधला मिहीर गेला तेव्हा घराघरांत सुतक पडलं आणि तो परत आला. शेरलॉक होम्सला त्याच्या लेखकानं 1893 साली धबधब्यात ढकललं, दहा वर्षांनी वर काढावं लागलं. (जॉन स्नोला त्यात धरू नका. तो उठणार हे आधीच ठरलेलं होतं. वर्षभर सगळे “मेला, मेला” सांगत राहिले आणि तुम्ही लोक त्या नटाचे केस कापले की नाही ते बघत बसलात.) मेलेला उठवता येतो कारण ती एक गाठ असते, सोडवली की झालं. घाईनं केलेलं काम उसवायचं तर सगळंच उसवावं लागतं. मी स्वेटर विणते, मला विचारा.

तुमची आठ वर्षं मात्र माती झालेली नाहीत. आमची तर नाहीच नाही. 2019चा तो उन्हाळा सांगते. अमेरिकेत रविवारी रात्री नऊ म्हणजे आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसहा. भाचा आणि त्याचे तीन दोस्त सहाला माझ्याकडे हजर, कारण हॉलमध्ये कूलर. पण कूलर लावला की कुजबूज ऐकू येत नाही. “आत्या, बंद कर ना, काही ऐकूच येऊन नाही राहिलं.” बंद केला की घामाच्या धारा. मग ठरलं, लढाईला कूलर चालू, बोलणं आलं की बंद. बटणाजवळ माझी नेमणूक.

तिसरा भाग, ती लांब रात्र, 82 मिनिटांची आणि काळीकुट्ट. 55 रात्री जागून चित्रित केलेली म्हणे, आणि आमच्या पूर्वेच्या खिडकीतून एप्रिलचं ऊन थेट पडद्यावर! कोण मेलं, कोण जिंकलं, काही दिसेना, फक्त आमचे पाच चेहरे दिसत होते. शेवटी मी माझी लग्नातली गोधडी काढून खिडकीवर टांगली, खिळा नव्हता म्हणून दोन पोट्टे तासभर तिची टोकं धरून उभे होते. आर्यानं सुरी एका हातातून दुसऱ्या हातात टाकली तेव्हा दोघांनीही टोकं सोडली. ऊन आलं. पुढचं आम्ही मागे घेऊन पाहिलं.

आणि शेवटच्या भागाला, ड्रॅगन ते सिंहासन वितळवत असताना, लाइट गेली. दहा मिनिटं. पोट्टे खाली धावले, पूर्ण लाइनची गेली की आपलीच ते बघायला. मी अंधाऱ्या टीव्हीसमोर एकटी बसून होते. मला वाटलं, बरं झालं, थोडा वेळ मिळाला.

माझे सासरे म्हणतात, “तुमचं हे ड्रॅगनबिगन महाभारतापुढे पाणी भरतं. आपल्याला शेवट माहीत असतो तरी आपण पाहतो, ही खरी कला.” रोज जेवताना हेच. काय उत्तर देऊ? (गृहिणी, मानेवाडा)

उत्तर देऊ नका, त्यांचं खरं आहे. फक्त एकदा त्यांना सौप्तिक पर्वाची आठवण करून द्या. युद्ध संपलंय, छावणी झोपलीय, आणि अश्वत्थामा रात्री आत शिरून झोपलेल्यांना मारतो. द्रौपदीची पाचही मुलं जातात. सासऱ्यांना म्हणा, “बाबा, असाच एक प्रसंग यांच्याकडेही आहे, तुम्ही बघून सांगा कुणाचा जास्त जमला.” बहुतेक ते रात्री जागून पाहतील. मग रोज जेवताना वेगळा विषय निघेल, तेवढंच.

माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. वर्गातल्या मुलांनी पाहिली म्हणून त्यालाही ही मालिका पाहायची आहे. दाखवू का?

नाही. ही मोठ्यांची मालिका आहे, कापाकापी एक वेळ सोडा, बाकीचंही फार आहे.

पण मुलं पाहतातच. तो गुपचूप पाहत असल्याचा संशय आला तर ओरडायच्या आधी एवढंच विचारा, कितव्या भागापर्यंत आला. तिसऱ्या सीझनचा आठवा झाला असेल, तर दुसऱ्या दिवशी कुठे जाऊ नका. घरी राहा.